पाणी सर्वांचं, चावी माझी

२ फेब्रुवारी

आजपासून डायरी. माझं दुसरं आयुष्य उद्या सुरू होतंय आणि त्याची नोंद दुसरं कोणी नीट ठेवेल असा माझा कोणावरही भरवसा नाही.

जल प्रशिक्षण केंद्राच्या डायरेक्टरचा फोन. हा माणूस पाणीपुरवठ्यात माझ्या हाताखाली होता, तेव्हा पाइपाचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं हेही त्याला कळायचं नाही. म्हणून डायरेक्टर झाला. म्हणाला, मॅडम, तरुण स्कॉलर आलेत, त्यांना सर्वसमावेशक जलव्यवस्थापन शिकवायचंय, तुमच्याशिवाय आहे कोण? मीही विचार करून पाहिला. खरंच कोणी नाही.

कोर्स असा. स्कॉलरांनी पाण्यावरून भांडणाऱ्या दोन वस्त्या निवडायच्या आणि त्यांच्यात समेट घडवायचा. शेवटी दोन्ही बाजूंनी एकत्र बसून, हात वर करून, एकच व्यवस्था मान्य करायची. जमलं तर मी केंद्राची कायमची प्रमुख मार्गदर्शक. स्वतंत्र खोली, फिरती खुर्ची, दारावर पितळी पाटी. मात्र मारामारी झाली, पोलीस आले, तर खुर्ची विसरा मॅडम, असं तो हसत हसत म्हणाला. मीही हसले. सगळी नोकरी झाली, कोणावर हात उचलला नाही. एका कंत्राटदारावर उचलला होता, पण त्या हातात पाना होता. म्हणजे ते ऑफिसचं काम झालं.

संकल्प: आवाज चढवायचा नाही. धाकटीचा विषय काढायचा नाही.

हे म्हणाले, अगं, भांडणाऱ्या वस्त्या हव्या असतील तर लांब कशाला जायचं? यांना मध्येच बोलायची सवय आहे.

३ फेब्रुवारी

पहिला तास. स्कॉलर तीनच. एक मुलगी, जी प्रत्येक वाक्याची सुरुवात 'माझ्या थिसिसमध्ये' अशी करते. तिला मी थिसिस म्हणते. एक दारातून वाकून आत येणारा लंबू. आणि एक होयबा, जो मी तोंड उघडण्याआधीच मान डोलावतो. होयबाचं भवितव्य उज्ज्वल आहे.

फळ्यावर लिहिलं, पाणी सर्वांचं. लंबूने विचारलं, मॅडम, सर्वांचं म्हणजे नक्की कोणाचं? असल्या प्रश्नांनीच डिपार्टमेंटं बुडतात. मी त्याला प्रेमाने जवळ बोलावलं, हात पुढे करायला सांगितला आणि बोटांवर पट्टी मारली. एकदाच. उभी. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अशीच उभी पट्टी मारायच्या आणि लगेच क्षमेवर धडा घ्यायच्या. त्यामुळे क्षमा आमच्या थेट हाडांत उतरलेली आहे. लंबूच्याही उतरेल. त्याची दोन बोटं संध्याकाळपर्यंत सुजली होती, म्हणजे उतरायला लागली आहे.

हात उचलला असं म्हणता येणार नाही. पट्टी उचलली.

६ फेब्रुवारी

थिसिसने वस्त्या निवडल्या. सगळं शहर सोडून आमचीच वरची गल्ली आणि आमचीच खालची गल्ली. हे मिशीत हसले. यांना मिशी नाही, तरी हसले.

भूगोल लिहून ठेवते. दोन गल्ल्या चौकात मिळतात. चौकात लोखंडी झाकणाखाली चेंबर आहे आणि चेंबरमध्ये शेजारी शेजारी दोन व्हॉल्व्ह. डावा वरच्या गल्लीचा, म्हणजे आमचा. उजवा खालच्या गल्लीचा. सकाळी डिपार्टमेंटचा चावीवाला येतो, दोन्ही सोडतो आणि पुढे जातो. तो गेला की मी जाते. निवृत्तीच्या वेळी ऑफिसने मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. व्हॉल्व्हची चावी मी स्वतःच आठवण म्हणून घरी आणली. कमरेइतकी उंच लोखंडी सळई, वर आडवी मूठ. घड्याळ बंद पडलं, चावी चालू आहे. तिने मी खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह थोडा आवळते.

याला कोणी चोरी म्हणेल. उताराचं पाणी स्वभावतःच खाली धावतं, उडाणटप्पू असतं. त्याला कोणीतरी शिस्त लावायला हवी. आता यामुळे वरच्या गल्लीत गच्चीवरच्या टाक्या भरून वाहतात आणि खालच्या गल्लीत नळ नुसते फुसफुसतात, हे खरं आहे. पण फुसफुसतात म्हणजे हवा येते. अगदी काहीच येत नाही असं नाही.

खालच्या गल्लीच्या टोकाच्या घरात धाकटी राहते. माझी धाकटी जाऊ. दीर गेले, वाटण्या झाल्या, वरचं घर आमच्याकडे आलं, खालचं तिच्याकडे. तेव्हापासून ती मला भर चौकात पाणचोर म्हणते.

मी धाकटीचा विषय काढलेला नाही. ती भूगोलात आली.

थिसिसला सांगितलं, खालच्या गल्लीत पाणी का नाही त्याची कारणं शोध. गळती बघ, लोकसंख्या बघ, मानसिकता बघ. व्हॉल्व्ह बघू नकोस, तो तांत्रिक विषय आहे.

९ फेब्रुवारी

फील्ड व्हिजिट, खालची गल्ली. नळाखाली भांड्यांची रांग आणि रांगेत दोन बायका एकमेकींच्या झिंज्या धरून. एकीच्या कपाळातून रक्त वाहत होतं, दुसरीच्या मुठीत पहिलीचे केस. तिसरी दोघींच्या मधून आपला हंडा पुढे सरकवत होती. मी स्कॉलरांना म्हटलं, नीट बघून घ्या, यांना स्टेकहोल्डर म्हणतात. होयबा म्हणाला, होय.

लंबू सोडवायला गेला. उंच माणसाने भांडणात पडू नये, तो कुठूनही दिसतो. कोणीतरी हंडा भिरकावला, तो नेमका त्याच्या भुवईवर बसला. रिकामाच होता. भरलेला असता तर मुळात भांडण कशाला झालं असतं? लंबू खाली बसला आणि त्याच्या शर्टाचा रंग बदलला.

धाकटी दारातून ओरडली, अहो जाऊबाई, कोणाची पोरं मार खायला आणलीत? स्वतः या की पुढे!

मी गेले नाही. मार्गदर्शकाने अंतर राखायचं असतं.

दवाखान्यात टाके घालताना लंबू आईला हाका मारत होता. मी त्याला समजावलं, की याला प्रायमरी डेटा म्हणतात, तो प्रत्येकाच्या नशिबी नसतो. त्याने माझ्याकडे एका डोळ्याने पाहिलं. दुसरा झाकलेला होता.

१० फेब्रुवारी, सकाळी

खालचा व्हॉल्व्ह आणखी दोन आटे आवळला. एवढी मारामारी करतात म्हणजे शिस्त कमी पडते आहे.

१२ फेब्रुवारी

खालच्या गल्लीतून दगड आला आणि दिवाणखान्याची काच फोडून गेला. अगदी माझ्या खुर्चीवर येऊन बसला. मी रागावले नाही. गॅलरीत गेले, दीर्घ श्वास घेतला आणि कुंडी पडली. कुंड्या पडतात. ती खालच्या गल्लीतल्या त्या व्यायामशाळेवाल्याच्या खांद्यावर पडली, त्यात माझा नेम आहे, हेतू नाही. खांदा निखळला म्हणे. बसवतात आता लगेच.

हे खाली विचारपूस करायला गेले आणि धाकटीकडे चहा पिऊन आले. मी विचारलं, लाज नाही वाटली? म्हणाले, वाटली, चहा शेजारून उसन्या आणलेल्या पाण्याचा होता.

संकल्प: उद्यापासून यांच्याशी अबोला. केवळ शांततेसाठी.

१६ फेब्रुवारी

आज भूमिकापालट. ही माझी स्वतःची पद्धत. प्रत्येकाने दुसऱ्याच्या जागी उभं राहायचं, म्हणजे मनात करुणा येते. होयबा झाला वरची गल्ली. थिसिस झाली खालची गल्ली. लंबू, टाक्यांसकट, पंच. पाणी म्हणून टेबलावर एक भरलेला जग. मी होयबाला बजावलं, जग धरून ठेव, काही झालं तरी द्यायचा नाही.

थिसिस फार सुंदर बोलली. हक्क, न्याय, सहभाग. होयबा म्हणाला, नाही. जन्मात पहिल्यांदा नाही म्हणाला असावा आणि त्याला ते फार आवडलं. थिसिसने विनवलं, घरात तान्हं मूल आहे, एक पेलाभर द्या. होयबा म्हणाला, नाही. मग तिच्या डोळ्यांत बघत जगाला तोंड लावून घटाघट प्यायला, आणि उरलेलं तिच्या पायांवर ओतून हसला. मी टाळ्या वाजवल्या, कारण भूमिकेत शिरणं म्हणजे काय ते या मुलाला कळलं होतं.

थिसिसने खुर्ची उचलली.

पुढचं क्रमाने सांगणं अवघड आहे. खुर्ची होयबाच्या तोंडावर. होयबाचा पुढचा दात फळ्याजवळ. होयबाने थिसिसचा गळा धरला, खरोखर धरला, तिचे डोळे पांढरे होईपर्यंत. लंबूने पंच या नात्याने होयबाच्या पाठीत दुसरी खुर्ची घातली, तेव्हा कुठे त्याने हात सोडले. मी चावी घेऊन मध्ये पडले. ती मी शैक्षणिक साहित्य म्हणून आणली होती. कोणाचं तरी कोपर माझ्या चष्म्यावर बसलं आणि दोन्ही काचा गेल्या, त्यामुळे नंतर चावी कोणाला लागली ते मला दिसलं नाही. डायरेक्टर आवाज ऐकून आला होता. त्याला लागली. नडगीवर.

तिघांचाही सहभाग शंभर टक्के. एकाही स्कॉलरला झोप आली नाही. अशी वर्गव्यवस्था हल्ली कुठे बघायला मिळते?

१७ फेब्रुवारी

डायरेक्टर लंगडत आला आणि म्हणाला, मॅडम, ही शेवटची संधी. मी म्हटलं, पोलीस आले का? नाही ना? मग मारामारी झालीच नाही. तो नडगी चोळत राहिला. पटलं असावं.

थिसिस गळ्याला मफलर गुंडाळून आली. होयबा आता मी काहीही म्हटलं की नाही म्हणतो. खडू दे. नाही. बस खाली. नाही. दात पडला की आत्मविश्वास येतो, हे मला माहीत नव्हतं.

नवा चष्मा पंधरा दिवसांनी मिळेल. तोवर यांचा लावते. यांचा नंबर वेगळा आहे, पण मला मुळात चष्म्याची फारशी गरज नव्हतीच. व्हॉल्व्ह तर मी डोळे मिटूनही ओळखते.

यांच्याशी अबोला असल्याने चष्मा न बोलता घेतला.

२१ फेब्रुवारी

मोठेपणा मोठ्यांनीच दाखवायचा असतो. स्वतः धाकटीच्या घरी गेले, समेटाची बोलणी करायला. सोबत तिन्ही स्कॉलर, निरीक्षणासाठी.

धाकटीने बसा म्हटलं. पाणी विचारलं नाही. मी म्हटलं, पाणी नाही विचारलंस? ती म्हणाली, अहो जाऊबाई, विचारलं असतं, पण ते तुमच्या गच्चीवर असतं ना. थिसिस हसली. या मुलीचं माझ्याकडे लक्ष असलं पाहिजे, तिच्याकडे नव्हे.

मी शांतपणे सर्वसमावेशकता समजावून सांगितली. धाकटी म्हणाली, मी लग्न होऊन या घरात आले, त्या पहिल्या सकाळी सगळे झोपले होते, तुम्ही एकट्या उठलात. बादलीभर गरम पाणी माझ्यासाठी न्हाणीघरात आणून ठेवलंत आणि म्हणालात, घे, लाजू नकोस, हे घर तुझंही आहे. त्या बाई कुठे गेल्या हो? मेल्या का?

आता विषय काय, ही बोलते काय. मी म्हटलं, मुद्द्याचं बोल. ती म्हणाली, हाच मुद्दा आहे. मी म्हटलं, तुला पहिल्यापासून मुद्दा कशाशी खातात ते माहीत नाही. ती म्हणाली, तुम्हाला पहिल्यापासून फक्त खाणं माहीत आहे. आणि माझा हात आपोआप वर गेला.

आपोआप गेलेला हात मी उचललेला नाही. तो तिच्या गालावर आपोआप बसला. तिने माझा अंबाडा धरून मला भिंतीवर आपटलं, ते मात्र तिने मुद्दाम केलं. एकदा नाही, दोनदा. कपाळावर टेंगूळ. मी तिच्या मनगटाला चावले. कॉन्व्हेंटमध्ये हे शिकवत नाहीत, हे माझं स्वतःचं. लंबूने मला मागून उचलून बाहेर नेलं, आणि नेताना दाराच्या चौकटीवर माझं डोकं पुन्हा आपटलं. त्याला उंचीचा अंदाज नसतो.

बोलणी सकारात्मक झाली. दोन्ही बाजू मोकळेपणाने व्यक्त झाल्या.

२४ फेब्रुवारी

हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते.

थिसिसला कळलं, की चावीवाला गेल्यावर कोणीतरी व्हॉल्व्ह आवळतं. आता ही मुलगी तांत्रिक विषयात शिरली. मीच शिकवलं होतं, निष्कर्षाआधी निरीक्षण. मला न सांगता तिघं उजाडायच्या सुमाराला चौकात दबा धरून बसले. धुकं होतं. मी नेहमीप्रमाणे यांचा कोट घालून, कानटोपी ओढून, चावी घेऊन गेले. झाकण उघडलं, वाकले, दोन आटे फिरवले, आणि वरून गोणपाट पडलं.

गोणपाटाच्या आत खूप अंधार असतो. मार कुठून येतो ते कळत नाही, त्यामुळे अंग कुठे चोरावं तेही कळत नाही. पाठीवर, कमरेवर, पोटऱ्यांवर. मी ओरडत होते, अरे, मी आहे, मी! कोणीतरी म्हणालं, मी म्हणजे नक्की कोण? हा आवाज लंबूचा होता. आणि मग हाताच्या बोटांवर एक बसला. उभा.

गोणपाट काढलं तेव्हा तिघांची तोंडं पाहण्यासारखी होती. मी सांगितलं, मी पण चोराच्याच पाळतीवर आले होते. मग चावी? चोराला मारायला. मग व्हॉल्व्ह? चोराने किती आवळला ते मोजत होते. मी होयबाला म्हटलं, पटतंय ना रे? होयबा म्हणाला, नाही.

थिसिसने झाकण लावलं. मला कोपराला धरून घरापर्यंत आणलं. बहुधा आदर वाढला असावा.

२५ फेब्रुवारी

अंथरुणातून. पाठ काळीनिळी. हे हळद लावायला आले. अबोला असल्याने दोघंही बोललो नाही. हळद लावून झाल्यावर यांनी चावी उचलली आणि माळ्यावर ठेवली. मी स्टूल घेऊन खाली काढली. माझी नोकरी आहे ती.

खुर्ची अजून हातची गेलेली नाही. उद्यापासून नवीन सुरुवात.

२८ फेब्रुवारी

(डाव्या हाताने लिहिते आहे. कारण पुढे येईल.)

आज चौकात दोन्ही गल्ल्या जमल्या. सभा खरं तर केंद्राच्या हॉलमध्ये होती, पण खालची गल्ली म्हणाली, जे काय बोलायचं ते चेंबरच्या तोंडाशी बोला, आणि पाण्याच्या वेळेला बोला. चावीवाला नुकताच दोन्ही व्हॉल्व्ह सोडून गेला होता. डायरेक्टर होता, स्कॉलर होते, हे होते. धाकटी मनगटाला पट्टी बांधून पुढेच उभी.

थिसिसने झाकण उघडायला लावलं आणि लोकांना सांगितलं, गळती नाही, लोकसंख्या नाही, मानसिकताही नाही. कोणीतरी रोज आवळतं. तिने नाव घेतलं नाही. नुसती माझ्याकडे वळली. मग सगळाच चौक वळला.

मी काय गुन्हेगार आहे? मी अधिकाऱ्याच्या आवाजात म्हटलं, आवळतं म्हणजे काय ते तरी कळतं का तुम्हाला? दाखवते! खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह आज असा बंद करते, की परत माझ्याशिवाय कोणाला उघडता येणार नाही! आणि चावी चेंबरमध्ये घातली.

धाकटी झेपावली. तिने मूठ धरली, मी तिच्या पोटात गुडघा घातला, तिने माझ्या कानाखाली मारली, तिथलं अजून बधिर आहे. खालच्या गल्लीतल्या कोणीतरी लंबूला ढकललं, लंबू वरच्या गल्लीच्या दुकानदारावर पडला, दुकानदाराने त्याला सोडून भलत्यालाच मारलं, आणि मग सुरू झालं. बादल्या, झाकणं, चपला, विटा. दुकानदाराचं डोकं फुटलं. व्यायामशाळेवाल्याने बऱ्या खांद्याने एकाला चेंबरच्या कठड्यावर आपटलं, तो उठलाच नाही बराच वेळ. डायरेक्टर शांतता, शांतता म्हणत खुर्चीवर चढला आणि खुर्ची खालून कोणीतरी काढून घेतली, मारायला.

मी फिरवत होते. हे गर्दीतून ओरडत होते, अगं, डावा! तो डावा आहे! यांना माझ्या कामात चुका काढायची जुनी खोड. मी आणखी जोरात फिरवलं. धाकटीने खाली वाकून पाहिलं. मग एकदम तिने मूठ सोडली, मागे सरकली आणि म्हणाली, फिरवा जाऊबाई, फिरवा. मन भरेपर्यंत फिरवा. मला वाटलं, हरली.

व्हॉल्व्ह पूर्ण बसला तरी मी फिरवत राहिले. आतून कटकन आवाज आला आणि चावी रिकामी फिरायला लागली. दांडाच तुटला. व्हॉल्व्ह कायमचा बंद. आणि त्याच वेळी खालच्या गल्लीच्या नळातून पाण्याचा असा आवाज आला, की मारामारी जागच्या जागी थांबली. सगळं पाणी खाली. वर आमच्या गच्च्यांवर चिडीचूप.

यांचा चष्मा जवळचा आहे. लांबचा नाही. आणि चेंबर खोल आहे. शिवाय डिपार्टमेंटने दोन्ही व्हॉल्व्ह एकसारखे का बसवावेत, हा खरा प्रश्न आहे.

त्यानंतर मला मारलं ते खालच्या गल्लीने नव्हे. वरच्या गल्लीने. माझ्या शेजाऱ्यांनी, ज्यांच्या टाक्या मी इतकी वर्षं भरून वाहू दिल्या. उजवा खांदा आणि हात, दोन्हीकडे हाड मोडलंय.

पोलीस आला होता असं डायरेक्टर म्हणतो. वर्दीत होता, पण तो खालच्या गल्लीतच राहतो आणि त्याच्या हातात घागर होती. म्हणजे तो खासगी कामाने आला होता. हे मी लेखी देणार आहे.

३ मार्च

प्लास्टर. खांद्यापासून मनगटापर्यंत, हात वर उचललेल्या अवस्थेत. डॉक्टर म्हणाले, असाच जुळेल. दारातून जाताना आधी हात जातो, मग मी.

डिपार्टमेंट म्हणतं, त्या जातीचे व्हॉल्व्ह आता मिळत नाहीत, अख्खं चेंबर बदलावं लागेल, बघू. आमचं 'बघू' मला माहीत आहे. मीच सुरू केलं होतं.

वरची गल्ली खालच्या गल्लीतून पाणी भरते. टाकीत आमचं थोडं शिल्लक आहे. तेवढं पुरेल. धाकटीच्या नळाचा थेंब या तोंडाला लागणार नाही. हा शेवटचा आणि पक्का संकल्प.

७ मार्च

समारोप, अखेर केंद्राच्या हॉलमध्ये. बसायला सतरंज्या, कारण खुर्च्या उरल्या नाहीत. दोन्ही गल्ल्या शेजारी शेजारी बसल्या, डोक्याला पट्टी, हाताला झोळी, कोणाच्या काखेत कुबडी. वेगळं ओळखू येत नव्हतं कोण वरचं, कोण खालचं.

थिसिसने व्यवस्था वाचली. नवं चेंबर होईपर्यंत वरच्या गल्लीने खालच्या नळांवर पाळीने भरायचं. नंतर दोन्हीकडे सारखं सोडायचं. आणि चावी कोणाच्याही घरी राहणार नाही. मंजूर असेल त्यांनी हात वर करा.

सगळे हात वर गेले. यांचाही. होयबाचा सुद्धा, त्याला विचारलं, नक्की ना, तर म्हणाला, होय. लंबूने हात मोजले आणि जाहीर केलं, एकमताने. मी म्हटलं, एकमत कसं, माझा विरोध आहे! लंबू म्हणाला, मॅडम, तुमचा हात तर केव्हापासून वर आहे.

टाळ्या. माझ्या स्कॉलरांना डिस्टिंक्शन. डायरेक्टर म्हणाला, असा सर्वसमावेशक निर्णय केंद्राच्या इतिहासात झाला नव्हता. म्हणजे माझी पद्धत सिद्ध झाली. पाटीचं विचारलं, तर मला कॉरिडॉरमधून त्या खोलीपाशी घेऊन गेला. खोलीत मोडक्या खुर्च्या कोंबल्या आहेत आणि कोपऱ्यात माझी चावी. दाराला आता कुलूप असतं. किल्ली शिपायाकडे.

पाळीत आमचं घर शेवटी आहे. चिठ्ठ्या टाकल्या म्हणे. मी नव्हते तेव्हा.

९ मार्च

टाकी संपली. हे रोज खाली जाऊन अंघोळ करून येतात आणि साबणाचा वास घेऊन माझ्यासमोर बसतात. मी आठवड्यापासून अशीच. प्लास्टरच्या आत खाज सुटते, पट्टी घालून खाजवते. पट्टीचा हा उपयोग सिस्टरांना माहीत नव्हता.

सकाळी दार वाजलं. हे बादली घेऊन आत आले. बादलीतून वाफ येत होती. म्हणाले, धाकटीने दिली आहे. म्हणाली, जाऊबाईंना सांगा, घ्या, लाजू नका.

मी काही लाजत नाही. मी यांना स्पष्ट सांगितलं, माझा संकल्प पक्का आहे, ही बादली आजच्या आज परत गेली पाहिजे.

बादली बाणेदारपणे परत पाठवली. रिकामी.